चार्ल्स्टनच्या भिंतीआडच्या बागा

गुरुवार

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जायचं तर कोलंबियापर्यंत आय-७७ हा महामार्ग आणि तिथून पुढे आय-२६. साडेतीन तासांच्या या रस्त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आणि मार्च सरत आला की त्यांचे पराग. गाडीच्या काचेवर पिवळा थर बसतो, वायपर फिरवला की त्याचा राडा होतो. मावशी वाईहून महिन्याभरासाठी आलेली. ‘ही कसली गं धूळ?’ तिने विचारलं. पराग आहेत म्हटल्यावर तिने काचेकडे जरा आदराने पाहिलं.

आम्ही निघालो होतो लोकांच्या घरच्या बागा बघायला. दर वसंतात चार्ल्स्टनमधली काही खासगी घरं आणि त्यांच्या बागा थोड्या दिवसांपुरत्या तिकीट लावून उघडतात. हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशन ही १९४७ साली स्थापन झालेली संस्था हे दौरे भरवते. मिळालेला पैसा जुन्या इमारतींच्या जतनासाठी जातो. तिथला गार्डन क्लब त्याहूनही जुना, १९२२ सालचा. त्यांचेही दौरे वसंतातच असतात. ठरलेल्या दुपारी एका भागातली काही घरं उघडी असतात, हातात नकाशा घेऊन आपलं आपण चालायचं. दाराशी आणि बागेत स्वयंसेवक उभे असतात, बहुतेक निवृत्त बायका, आणि त्यांना विचारलं तर त्या खूप सांगतात. घराच्या आत फोटो काढायचे नाहीत. मालक मंडळी बहुधा कुठेतरी निघून गेलेली असतात. एखादी मालकीण मात्र कात्री हातात घेऊन बागेतच सापडते, आणि तीच बाग सगळ्यांत छान असते असा माझा अनुभव.

हॉटेलात सामान टाकून संध्याकाळी नुसतेच फिरायला बाहेर पडलो. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर हे शहर वसलं आहे. वसाहत १६७० मध्ये नदीपलीकडे सुरू झाली आणि दहा वर्षांनी या जागेवर आली. भूशिराचं दक्षिण टोक, म्हणजे ब्रॉड स्ट्रीटच्या खालचा भाग, हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग. १९३१ साली इथे अमेरिकेतला पहिला ऐतिहासिक विभागाचा कायदा झाला. त्यामुळे रस्त्यावरून दिसणारं फाटक बदलायचं असलं तरी आजही नगराच्या समितीची परवानगी लागते.

इथल्या घरांची मांडणी समजली नाही तर बागा कळत नाहीत, म्हणून तेवढं सांगते. नमुनेदार चार्ल्स्टन घराला ‘सिंगल हाउस’ म्हणतात. रस्त्याच्या बाजूने घर एकाच खोलीइतकं रुंद, आणि मागे लांबच लांब. रस्त्याला घराची अरुंद बाजू. लांब बाजूला, दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे, मजल्यामजल्यावर व्हरांडा. त्याला इथे ‘पियाझा’ म्हणतात. वारा त्याच बाजूने येतो आणि उन्हाळ्यात तो मिळाला नाही तर माणूस शिजून निघेल. रस्त्यावरचं दिमाखदार दार उघडलं की आपण घरात शिरतच नाही, शिरतो पियाझावर. मावशीने असं एक दार अर्धं उघडं पाहिलं, पलीकडे उघडा व्हरांडा आणि आकाश दिसलं, तशी हसायलाच लागली. ‘नुसतंच दार! घर कुठाय?’

घर असं कडेला सरकलेलं असल्यामुळे पियाझासमोर एक लांबट पट्टा उरतो. त्यापलीकडे विटांची भिंत, आणि ती भिंत म्हणजे शेजाऱ्याच्या घराची पाठ. या पट्ट्यात आणि त्याच्या मागच्या चौकात काय ते बागकाम. रस्त्यावरून दिसतो फक्त भिंतीवरून डोकावणारा एखादा शेंडा आणि फाटकाच्या जाळीतून दिसणारा विटांच्या पायवाटेचा तुकडा. ट्रॅड स्ट्रीटवर एका भिंतीशी आम्ही दोघी थांबलो, कारण पिकलेल्या जर्दाळूसारखा वास येत होता आणि फूल कुठेच दिसत नव्हतं. ते टी ऑलिव्ह, पारिजातकाच्याच कुळातलं एक चिनी झुडूप. फुलं इतकी बारीक की पानांच्या बेचक्यात शोधावी लागतात. पुढचे सगळे दिवस कोपऱ्याकोपऱ्यावर तो वास भेटत राहिला.

शुक्रवार

दौरा दुपारी होता, म्हणून सकाळी गेटवे वॉक केला. आर्कडेल स्ट्रीटपासून चर्च स्ट्रीटपर्यंत चर्चची आवारं, ग्रंथालय आणि कलासंग्रहालयाच्या मधून जाणारी ही पायवाट गार्डन क्लबने १९३० मध्ये तयार केली. फुकट आहे आणि गर्दी नसते. या वाटेवरचं युनिटेरियन चर्चचं आवार मला सगळ्या सहलीत लक्षात राहिलेल्या जागांपैकी एक. एकोणिसाव्या शतकात तिथल्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने, कॅरोलाइन गिलमन यांनी, या दफनभूमीत लागवड केली, आणि आज ती मुद्दाम रानटी ठेवली आहे. थडग्यांवरून वेली, मधूनच नेचे, एखाद्या दगडावरचं नाव वाचायचं तर फांदी बाजूला करावी लागते. मावशीला ते पटलं नाही. ‘कोणी बघत नाही वाटतं,’ म्हणाली. मुद्दाम असं ठेवलंय, हे सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. मला विचाराल तर दुपारी पाहिलेल्या कापून-कातरून बसवलेल्या बागांच्या आधी ते बघायला मिळालं हे बरंच झालं.

दुपारचा दौरा चर्च स्ट्रीट आणि लेगारे स्ट्रीटच्या आसपास होता. (लेगारेचा स्थानिक उच्चार ‘लग्री’. तो केला की स्वयंसेवक बायका लगेच खूश होतात.) पहिल्या दोन बागा भरभर पाहिल्या. मधोमध कारंजं, चार बाजूंना बॉक्सवूडची कातरलेली कुंपणं, कोपऱ्यात दगडी मूर्ती. पैसा दिसत होता, माणूस दिसत नव्हता.

तिसरी बाग वेगळी. मागच्या चौकाची रुंदी जेमतेम तीस फूट असेल. पण पियाझावरून पायऱ्या उतरल्यावर ती एकदम संपत नाही. आधी विटांचा छोटा चौक, मग दोन्हीकडून कुंपण पुढे येऊन वाट अरुंद होते, मग गोल हिरवळ, तिच्या मागे कमानीतून दिसणारा आणखी एक कोपरा, तिथे बाक. प्रत्येक ठिकाणी वाटतं की पुढे अजून काहीतरी आहे. भिंतीवर चढलेलं फायकस इतकं चापून बसवलेलं की वीट दिसत नाही. अझेलिया ऐन भरात, पांढरे. कॅमेलियाची शेवटची फुलं खाली पडलेली आणि ती मुद्दाम तशीच ठेवलेली. लेडी बँक्सचा पिवळा गुलाब शेजारच्या छपरावर गेलेला, म्हणजे सगळा बहार शेजाऱ्याला आणि खोड फक्त यांच्याकडे.

ही बाग लाउट्रेल ब्रिग्जने आखलेली, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. हे नाव इथे सतत ऐकू येतं. ब्रिग्ज (१८९३–१९७७) मूळचा न्यूयॉर्कचा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो इथे आला आणि पुढे या शहरात त्याने शंभराहून जास्त लहान बागा आखल्या. त्या काळात उत्तरेकडची श्रीमंत माणसं हिवाळा काढायला चार्ल्स्टनला यायची आणि जुनी घरं विकत घ्यायची. यादवी युद्धानंतर शहर इतकं गरीब झालं होतं की घरं पाडून नवी बांधायलाही पैसा नव्हता, त्यामुळे ती टिकली होती. पाहुणे जानेवारी ते एप्रिल राहणार, म्हणून बागाही त्याच महिन्यांसाठी केलेल्या. हिवाळ्यात कॅमेलिया, मग अझेलिया आणि डॉगवूड, आणि बाराही महिने हिरवी राहणारी कुंपणं. जुलैत काय फुलतं असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘जुलैत आम्ही दार लावून एसीत बसतो.’

म्हणजे ‘जुनी चार्ल्स्टन बाग’ म्हणून जे बघायला लोक येतात ते घराच्या मानाने बरंच नवं आहे. घर दोन-अडीचशे वर्षांचं, बाग नव्वद वर्षांची. मग त्याच्या आधी या चौकात काय होतं?

हा प्रश्न मला सुचला नाही, मावशीने विचारला. ती मघापासून भिंतीच्या कडेने फिरत होती. फुलांकडे तिचं लक्ष कमीच. पाणी कुठून येतं, कुठे जातं, नळ कुठे, कचरा कुठे टाकतात, असं तिचं बघणं. चौकाच्या मागच्या टोकाला एक दुमजली विटांची इमारत होती, निळ्या झडपांची, दाराशी कुंड्या. भाड्याने देतात म्हणे. मावशी म्हणाली, ‘विचार तिला, एवढ्या मोठ्या घरातलं धुणं-भांडी कुठे व्हायचं? घरात तर मोरी दिसली नाही.’ वाईच्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसात विहीर, बंब, जळणाची रास आणि कडेला कर्दळ हे सगळं एकाच ठिकाणी नांदायचं, तेव्हा तिचा प्रश्न साहजिकच होता. मी तो भाषांतर करून विचारला.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सरळ उत्तर दिलं. ती मागची इमारत म्हणजे स्वयंपाकघर. आगीच्या भीतीने आणि उष्म्यामुळे ते घरापासून वेगळं असायचं. वरच्या मजल्यावर गुलाम राहायचे. हा चौक त्यांचा कामाचा. चुलीचं लाकूड, कपडे उकळायच्या कढया, कोंबड्या, तबेला, संडास. बाग असलीच तर घराच्या कडेला थोडीशी. ब्रिग्ज आणि त्याच्यासारख्यांनी विसाव्या शतकात हा कामाचा चौक साफ करून तिथे हिरवळ घातली आणि गुलामांच्या खोल्यांची पाहुण्यांसाठी घरं झाली. हे त्यांनी लपवलं नाही, पण आमच्या आधीच्या वीस-पंचवीस जणांपैकी कोणी विचारलंही नसावं. हातातल्या छापील माहितीत कारंज्याचं साल होतं, या चौकात काम करणाऱ्यांबद्दल काही नव्हतं.

परत येताना किंग स्ट्रीटवर माइल्स ब्रूटन यांचं १७६९ चं घर बाहेरून पाहिलं. त्याच्या कुंपणावर आडवा लोखंडी दांडा आणि त्याला चहूकडे टोकदार सुळे आहेत. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी या स्वतंत्र झालेल्या काळ्या सुताराने आखलेला गुलामांचा उठाव उघडकीला आला, व्हेसीसह पस्तीस जणांना फाशी दिलं गेलं, आणि त्यानंतरच्या भीतीने हे सुळे बसवले असं सांगतात. त्यांच्या आडून विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत होते. लोक विस्टेरियाचे फोटो काढत होते. मीही काढला.

शनिवार

सकाळी आधी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट हाउसला गेलो. ते दौऱ्यात नव्हतं, पण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळणार होतं. साधारण १८२० मधलं हे घर, नंतर गव्हर्नर विल्यम एकेन यांच्या मालकीचं. ते राज्यातल्या सर्वांत मोठ्या गुलाममालकांपैकी एक होते. फाउंडेशनने १९९५ मध्ये घर ताब्यात घेतलं तेव्हा ठरवलं की याला सजवायचं नाही, आहे तसं राखायचं. पोपडे सुटलेल्या भिंती, फाटका कागद, तसंच सगळं.

आणि मागचा चौक शाबूत. एका बाजूला स्वयंपाकघर आणि धुणीघर, वर ओळीने खोल्या. समोर तबेला. मधून मॅग्नोलियाच्या झाडांची रांग. कोपऱ्यांत संडास, तेही ऐटीत गॉथिक कमानीचे. मावशी स्वयंपाकघराच्या चुलीसमोर बराच वेळ उभी होती. चुलीचं तोंड इतकं रुंद की त्यात माणूस वाकून शिरेल. मग वर गेलो. खिडक्या चौकाकडे, म्हणजे मालकाच्या घराकडे. बाहेरच्या बाजूला जवळपास बंद भिंत. ‘म्हणजे कोण काय करतंय ते तिकडून दिसायला हवं,’ मावशी म्हणाली. ऑडिओ गाइडनेही पुढच्या मिनिटाला थोडंफार तेच सांगितलं.

बाग बघायला येणाऱ्याने हे घर आधी बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर भिंतीआडचा तो गोडवा खोटा वाटत नाही आणि खराही कळत नाही. या शहरातल्या विटादेखील आसपासच्या मळ्यांवर, नदीकाठच्या चिकणमातीतून गुलामांनीच पाडलेल्या. काही जुन्या भिंतींत विटेवर उमटलेले बोटांचे ठसे अजून दिसतात.

दुपारचा दौरा वॉटर स्ट्रीटच्या बाजूला. नाव उगीच पडलेलं नाही, इथे पूर्वी व्हँडरहॉर्स्ट नावाची खाडी होती, ती बुजवून रस्ता केला. मार्केट स्ट्रीटचंही तसंच. खाडी विसरलेली नाही. मोठी भरती आली की आभाळ निरभ्र असतानाही गटारांतून पाणी वर येतं आणि रस्त्यात साचतं. इथली झाडं निवडताना सावली, ऊन, माती यांच्याबरोबर एक चौथी गोष्ट बघावी लागते: मीठ.

एका बागेची मालकीण स्वतः हजर होती. सत्तरीची, मातीने माखलेले हातमोजे, पायात रबरी बूट. तिने १९८९ च्या ह्यूगो वादळाची गोष्ट सांगितली. सप्टेंबरच्या त्या रात्री समुद्र बागेत शिरला. पाणी ओसरल्यावर आठवडाभरात पानं तपकिरी झाली. मग दिवसच्या दिवस गोडं पाणी सोडून माती धुतली, जिप्सम घातलं. जुने कॅमेलिया काही वाचले, बरेच गेले. पामेटो, म्हणजे इथलं ताडाच्या जातीचं झाड, मात्र जागचा हलला नाही. हा पामेटो राज्याच्या ध्वजावर आहे. १७७६ मध्ये सलिव्हन बेटावरच्या किल्ल्याच्या भिंती त्याच्या ओंडक्यांच्या होत्या आणि इंग्रजांचे तोफगोळे त्या मऊ लाकडात रुतून बसत. आता तिला काळजी वेगळीच. बॉक्सवूडवर बुरशीचा रोग आलाय, नव्वद वर्षांची कुंपणं काळी पडून जातायत. त्यांच्या जागी काय लावावं यावर गार्डन क्लबात तट पडलेत. मावशीने आणि तिने एकमेकींची भाषा न कळता दहा मिनिटं मुळं कशी उकरावीत यावर चर्चा केली. मी मध्ये फक्त ‘निंबोळी पेंड’ समजावून सांगितली.

तिच्याकडे भिंतीशी अनंताचं झुडूप होतं, अजून कळ्या नव्हत्या, पण मावशीने पानावरून ओळखलं. त्या झुडपाचं शास्त्रीय नाव गार्डेनिया, ते अलेक्झांडर गार्डन या अठराव्या शतकातल्या चार्ल्स्टनच्या डॉक्टरवरून. झाड चीनचं, डॉक्टर स्कॉटलंडचा. त्याचा या झाडाशी संबंध एवढाच की लंडनमधल्या मित्राने झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हा गार्डन इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, मालमत्ता गमावली आणि इंग्लंडला निघून गेला. इथल्या बागांत खरोखर इथेच जन्मलेलं काही असेल तर तो नॉइझेट गुलाब. १८०० च्या सुमारास जॉन चँपनीज या भातमळ्याच्या मालकाच्या बागेत चिनी गुलाब आणि मस्क गुलाब यांच्या संकरातून त्याचा मूळ वाण निघाला. शेजारी फिलिप नॉइझेटने त्याची रोपं वाढवून पॅरिसला भावाकडे धाडली आणि नाव नॉइझेटचं झालं. तो एप्रिलमध्ये फुलतो, आम्हाला फक्त कळ्या दिसल्या.

पियाझावर जॉगलिंग बोर्ड होता: दोन टोकांना डोलणाऱ्या घोड्या आणि मधे लांबलचक लवचिक फळी. बसलं की फळी हळूहळू वर-खाली होते. मालकिणीने आग्रह केला म्हणून मावशी बसली, आणि मग उठेचना. पियाझाचं छत फिकट निळं. भुताखेतांना पाणी वाटावं आणि ती घरात येऊ नयेत, ही इथल्या गल्ला-गीची लोकांची, म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची, समजूत. आज तो रंग दुकानात डबाबंद मिळतो आणि समजूत कोणाची हे विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

संध्याकाळी थोडा उजेड होता म्हणून कूपर नदीकाठच्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयापर्यंत गाडीने गेलो. २०२३ मध्ये उघडलेली ही इमारत खांबांवर उचललेली आहे, कारण खालची जागा म्हणजे गॅड्सडेन धक्का, जिथे जहाजांतून गुलाम उतरवले जात. त्या मोकळ्या जागेत वॉल्टर हूड यांनी केलेली स्मृतिबाग आहे. आत जायला वेळ नव्हता, बागेत तिकीट लागत नाही. टोपल्या विणायचं स्वीटग्रास तिथे लावलंय. दिवसभर पाहिलेल्या सगळ्या बागा भिंतींनी बंदिस्त होत्या, ही तशी नाही.

रविवार

निघण्याआधी अ‍ॅन्सन स्ट्रीट. इथे सेंट जॉन्स रिफॉर्म्ड एपिस्कोपल चर्चच्या आवारात फिलिप सिमन्स यांच्या नावाची बाग आहे. तिला फाटक आहे, आणि सगळं महत्त्व त्या फाटकालाच.

गेले तीन दिवस ज्या जाळ्यांतून आम्ही लोकांच्या बागांत डोकावत होतो, त्यांतल्या कितीतरी सिमन्स यांच्या हातच्या. जन्म १९१२, डॅनियल बेटावरचा. शिकायला शहरात आले आणि पोरवयातच पीटर सिमन्स या लोहाराच्या भट्टीवर जाऊ लागले. आडनाव एकच, नातं काही नाही. पीटर सिमन्स स्वतः गुलामीत जन्मलेले. सुरुवातीला काम घोडागाड्यांचं, चाकं आणि नाल. मोटारी आल्या तसं ते आटलं. मग तरुण सिमन्स शोभेच्या लोखंडाकडे वळले. पुढच्या काळात त्यांनी शहरभर पाचशेहून अधिक फाटकं, कठडे, जाळ्या घडवल्या. १९८२ मध्ये त्यांना लोककलेसाठीची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली, २००९ मध्ये ते गेले.

इथल्या फाटकावर हृदयाचे आकार आहेत. जवळून पाहिलं की कळतं, लोखंड वळवताना टोक एकसारखं निमुळतं केलंय, आणि दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे मधेच तुटल्यासारखं काही नाही. मावशीने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली की वाईच्या लोहाराला हे दाखवायला हवं. बाग छोटी, थोडी कोरडी पडलेली. चर्चमध्ये प्रार्थना सुरू होती, आतून गाण्याचा आवाज. आम्ही कोणाला अडचण नको म्हणून लवकर बाहेर आलो. चालता चालता आता प्रत्येक फाटकाशी थांबायला होऊ लागलं. ज्यांच्या आत बोलावणं नव्हतं तीही फाटकं आता बाहेरूनच पुरी बघण्यासारखी झाली होती.

कोणाला जायचं असेल तर मार्चचा शेवट ते मध्य एप्रिल ही वेळ बरी. अझेलिया हवे असतील तर आधी, नॉइझेट गुलाब हवे असतील तर नंतर. तिकिटं लवकर संपतात. ऑक्टोबरात प्रिझर्व्हेशन सोसायटीचेही दौरे असतात, पण तेव्हा फुलं कमी. रस्त्यात गोटे आहेत, तेव्हा टाचांचे बूट नकोत. आणि त्या दिवसाची भरतीची वेळ फोनवर बघून घ्या, गाडी कुठे लावायची ते त्यावर ठरतं.

येताना शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत शिरलो आणि टी ऑलिव्हचं रोप घेतलं. साडेतीन तास ते मावशीच्या पायांशी, गाडीभर वास. शार्लटची थंडी त्याला झेपते. अडचण दुसरीच. आमच्या वसाहतीत भिंत बांधायला बंदी आहे, कपडे वाळत घालायला बंदी आहे, आणि नवं झाड लावायचं तर घरमालक संघाकडे अर्ज करावा लागतो. त्यात ‘पूर्ण वाढीची उंची’ असा रकाना आहे. मी पंधरा फूट लिहायला निघाले. मावशी म्हणाली, ‘आठ लिही. कोण मोजायला येतंय?’